१७९३ ची अमेरिका: फ्रान्सशी कायमचा तह असताना तटस्थता का?

अभ्यासिका

अलिप्ततेची चर्चा आपल्याकडे बहुधा पंडित नेहरूंपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच भांडणावर येऊन संपते. त्यापेक्षा दीडशे वर्षे जुने आणि कागदपत्रांनी भरपूर उजेडात आलेले एक प्रकरण इथे चर्चेसाठी मांडतो.

२२ एप्रिल १७९३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी फिलाडेल्फिया या तत्कालीन राजधानीतून एक छोटा जाहीरनामा काढला. एका बाजूला फ्रान्स आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटन, हॉलंड, ऑस्ट्रिया, प्रशिया असे युद्ध पेटले असून अमेरिका दोन्ही पक्षांशी मैत्रीचे आणि निःपक्षपाती वर्तन ठेवील, तसेच जो नागरिक याविरुद्ध वागेल त्याला सरकारचे संरक्षण मिळणार नाही, एवढाच त्याचा आशय होता. वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण ६ फेब्रुवारी १७७८ रोजी याच अमेरिकेने फ्रान्सशी मैत्रीचा तह केला होता आणि त्याच्या अकराव्या कलमात अमेरिकेतील फ्रेंच मुलखाच्या, म्हणजे मुख्यतः वेस्ट इंडीजमधील साखरेच्या बेटांच्या, रक्षणाची हमी कायमची दिली होती. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली ती समुद्रावर द ग्रासचे फ्रेंच आरमार आणि जमिनीवर रोशांबोची फ्रेंच फौज होती म्हणून. ज्याच्या मदतीने स्वातंत्र्य मिळाले त्याच्यावर बारा वर्षांच्या आत वेळ आली आणि अमेरिकेने ‘आम्ही दोघांचेही मित्र’ म्हणून सांगितले, असा याचा सरळ अर्थ होतो.

माझ्या मते या निर्णयाचे मूळ परराष्ट्र धोरणाच्या तत्त्वज्ञानात शोधण्यापेक्षा त्या राज्याच्या घरच्या अवस्थेत शोधावे. १७९० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३९ लाखांच्या आसपास भरली होती आणि त्यांतले सुमारे सात लाख लोक गुलाम होते. राज्यघटनेनुसार सरकार सुरू होऊन अवघी चार वर्षे झाली होती. क्रांतियुद्धातील आरमाराचे शेवटचे जहाज १७८५ मध्येच विकून टाकले होते, त्यामुळे जाहीरनामा निघाला त्या दिवशी देशाजवळ नौदल नव्हते. भूदलाची अवस्था अशी की नोव्हेंबर १७९१ मध्ये ओहायो भागातील मूळ रहिवासी जमातींच्या संघाने जनरल सेंट क्लेअरच्या तुकडीतले सहाशेहून अधिक सैनिक एका सकाळीत मारले होते. डेट्रॉइट, नायगारा, ओस्वेगो ही अमेरिकेच्या हद्दीतील ठाणी १७८३ चा ब्रिटनशी शांततेचा तह होऊनही ब्रिटिशांनी सोडलेली नव्हती.

सर्वांत नाजूक भाग पैशाचा होता. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी संघराज्याचे आणि घटक राज्यांचे युद्धकालीन कर्ज एकत्र करून त्याचे व्याज फेडण्याची व्यवस्था लावली होती, आणि त्या व्यवस्थेचा जवळजवळ सगळा भार आयातीवरील जकातीवर होता. ती आयात बहुतांशी ब्रिटनमधून होत असे. ब्रिटनशी युद्ध म्हणजे जकात बंद, जकात बंद म्हणजे व्याज बंद, आणि व्याज बंद झाले की ज्या नव्या सरकारवर सावकारांचा नुकता कुठे विश्वास बसू लागला होता ते पुन्हा १७८६ च्या दिवाळखोरीत जाणार. ज्याच्याशी करार आहे तो एक आणि ज्याच्या मालावर तिजोरी चालते तो दुसरा, अशा पेचात सापडलेल्या राज्याला लढाईत उतरणे परवडणारे नव्हते.

तेव्हा प्रश्न असा: ही कृतघ्नता म्हणायची, व्यवहार म्हणायचा, की आणखी काही?

सातपुडा

लेख चांगला आहे, पण जकातीच्या गणितावर आपण फारच भार टाकला आहे. परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन हे हॅमिल्टन यांचे कट्टर विरोधक, फ्रान्सचे उघड चाहते आणि ब्रिटिश व्यापारावरील परावलंबनावर सतत टीका करणारे. तरीही युद्धात उतरू नये याबद्दल त्यांचे आणि हॅमिल्टन यांचे दुमत नव्हते. वॉशिंग्टन यांनी १८ एप्रिलला मंत्र्यांना १३ प्रश्न लिहून पाठवले आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत जाहीरनामा काढावा यावर सर्वांचे एकमत झाले. मतभेद होते ते पुढच्या गोष्टींवर. जेफरसन यांचे म्हणणे असे की तटस्थ राहण्याची घाईघाईने घोषणा कशाला करायची; थोडे थांबावे, आपल्या तटस्थतेची किंमत दोन्ही बाजूंना कळू द्यावी आणि तिच्या बदल्यात व्यापारी सवलती पदरात पाडून घ्याव्यात. हॅमिल्टन यांना हा सौदा धोकादायक वाटत होता, कारण तेवढ्या काळात एखाद्या अमेरिकन बंदरातून कोणीतरी ब्रिटिश जहाजावर हल्ला केला असता तर युद्ध आपोआपच दारात आले असते. म्हणजे तटस्थता हवी यात वाद नव्हता, ती विकायची की आधीच देऊन टाकायची हा वाद होता.

तहाच्या बाबतीत मात्र जेफरसन जिंकले, हेही नोंदवायला हवे. हॅमिल्टन यांचे मत असे की तह सोळाव्या लुईशी झाला होता, त्याचे डोके २१ जानेवारीला उडाले, तेव्हा फ्रान्समधील सरकार स्थिर होईपर्यंत तह स्थगित समजावा. जेफरसन यांनी उत्तर दिले की तह राष्ट्राराष्ट्रांत होतात, राजा गेला म्हणून राष्ट्र जात नाही. वॉशिंग्टन यांनी हेच मानले. तह कायम राहिला, फ्रान्सच्या नव्या वकिलाला (राजदूताला) मान्यता मिळाली, आणि तरीही देश तटस्थ राहिला. हे दोन्ही एकाच वेळी कसे साधले, हा खरा कुतूहलाचा भाग आहे.

दर्यावर्दी

त्याचे उत्तर बरेचसे समुद्रावर आहे. माझे आयुष्य व्यापारी जहाजांवर गेले असल्यामुळे मला या प्रकरणात तत्त्वापेक्षा बंदरे आधी दिसतात.

फ्रान्सने अकराव्या कलमावर बोट ठेवून लष्करी मदत औपचारिकपणे मागितलीच नाही. मागून फायदाही नव्हता. नौदल नसलेल्या मित्राने युद्ध पुकारले असते तर ब्रिटिश आरमाराने त्याची व्यापारी जहाजे महिनाभरात समुद्रावरून पुसून काढली असती. तेच जहाज तटस्थ झेंड्याखाली राहिले तर वेस्ट इंडीजमधील फ्रेंच बेटांना पीठ, खारवलेले मांस आणि लाकूड पोचवू शकत होते, आणि ती बेटे बाहेरच्या धान्यावरच जगत होती. म्हणून तर फ्रान्सने एरवी परक्यांना बंद असलेला आपल्या वसाहतींचा व्यापार फेब्रुवारी १७९३ मध्ये अमेरिकन जहाजांना खुला केला. तेव्हा कृतघ्नतेच्या आरोपात मला फारसा दम दिसत नाही. ज्याने तक्रार करायची त्यालाच तटस्थ अमेरिका अधिक उपयोगाची होती.

फ्रेंचांना हवे होते ते वेगळेच. १७७८ मध्ये मैत्रीच्या तहाबरोबरच झालेल्या व्यापारी तहानुसार फ्रान्सच्या लढाऊ जहाजांना शत्रूची पकडलेली जहाजे अमेरिकन बंदरांत आणता येत होती. नवा वकील एदमों-शार्ल जने ८ एप्रिलला चार्ल्स्टनला उतरला आणि राजधानीत जाऊन कागदपत्रे सादर करण्यापूर्वीच त्याने तिथल्या तिथे खाजगी जहाजांना तोफा चढवून, अमेरिकन खलाशी भरून, फ्रान्सच्या नावाने लुटीचे परवाने वाटायला सुरुवात केली. पकडलेला माल विकायचा आणि वाटा घ्यायचा, असा तो धंदा. तहात शत्रूला अशी सोय देऊ नये असे म्हटले होते. म्हणजे आम्हाला ती आहेच, असा अर्थ जने लावत होता. जुलैमध्ये तर खुद्द फिलाडेल्फियात, सरकारच्या नाकासमोर, ‘लिटल सारा’ हे पकडलेले ब्रिटिश जहाज ‘पतीत देमोक्रात’ या नव्या नावाने सज्ज झाले आणि जेफरसन विनवण्या करत असताना समुद्रात निघूनही गेले. नदीच्या काठी त्याला अडवू शकेल अशी एकही धड तोफ बसवलेली नव्हती.

फिलीकर

फिलाडेल्फियात बरीच वर्षे राहतो, म्हणून एक भर घालतो. जने फिलाडेल्फियाला पोचला तेव्हा त्याच्या स्वागताला लोटलेली गर्दी, मेजवान्या आणि तिरंगी फिती पाहून त्याची अशी समजूत झाली की लोक आपले आणि फक्त म्हातारा वॉशिंग्टन आडवा येतो आहे. राष्ट्राध्यक्षांना डावलून थेट जनतेकडे दाद मागण्याची भाषा त्याने केली आणि तिथेच त्याचा घात झाला. फ्रान्सवर प्रेम करणाऱ्यांनाही परक्या वकिलाची ही मुजोरी रुचली नाही. ऑगस्टमध्ये त्याला परत बोलावण्याची मागणी करण्याचे ठरले. त्याच महिन्यात शहरात पिवळ्या तापाची साथ आली आणि नोव्हेंबरपर्यंत सुमारे पाच हजार माणसे मेली. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या जॉन ॲडम्स यांनी वीस वर्षांनंतर जेफरसन यांना लिहिले की ही साथ आली नसती तर रस्त्यावरच्या जमावाने सरकार उलथले असते. म्हातारपणीच्या आठवणीत मीठमसाला बराच असावा, पण त्या काळच्या सत्ताधाऱ्यांच्या मनातली भीती त्यातून कळते.

जनेचे पुढे काय झाले ते गमतीचे आहे. पॅरिसमध्ये त्याचा गट पडला, सत्तेवर आलेल्या जॅकोबिन या जहाल गटाने त्याच्या अटकेचा हुकूम काढला, आणि ज्या वॉशिंग्टन यांना त्याने छळले त्यांच्याच आश्रयाने तो अमेरिकेत राहिला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या मुलीशी लग्न करून त्याने तिथे शेती केली.

अभ्यासिका

फिलीकर, आपण सांगितलेल्या गर्दीतच माझ्या प्रश्नाचे मला पटणारे उत्तर आहे. जुन्या देशात परराष्ट्र धोरणावर मतभेद झाले तर मंत्रिमंडळ पडते, नव्या देशात देशच दुभंगण्याची भीती असते. न्यू इंग्लंडचे व्यापारी ब्रिटनकडे झुकलेले, दक्षिणेतील मळेवाले ब्रिटिश सावकारांच्या कर्जात बुडालेले आणि म्हणून फ्रान्सच्या बाजूचे, ॲपलाचियन पर्वतापलीकडचे वसाहतवाले मिसिसिपी नदीचा मार्ग अडवणाऱ्या स्पेनवर चिडलेले. जनेने केंटकीतील लोकांना हाताशी धरून स्पेनच्या ताब्यातील लुइझियानावर स्वारी करण्याचा घाटही घातला होता. युरोपातील प्रत्येक सत्तेला या देशात आपापला एक प्रांत हाताशी सापडत होता. अशा वेळी एक बाजू घेणे म्हणजे घरातल्या एका पक्षाला परकी फौज मिळवून देणे. १७९६ च्या निरोपाच्या संदेशात वॉशिंग्टन यांनी एखाद्या देशाविषयीची कायमची प्रीती आणि कायमचा द्वेष या दोन्हींविरुद्ध बजावले आहे, ते या अनुभवातून आले आहे. त्याच संदेशात त्यांनी १७९३ च्या जाहीरनाम्याचे समर्थन करताना आपल्या देशाच्या कोवळ्या संस्थांना स्थिरावण्यासाठी वेळ मिळवणे हा आपला मुख्य हेतू होता, असे स्पष्टपणे म्हटले आहे.

विधिज्ञ

इथपर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे, ती म्हणजे तटस्थता जाहीर करणे आणि ती पाळणे यांतील अंतर. जाहीरनामा निघाला तेव्हा तो मोडणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. गिडियन हेनफील्ड नावाचा अमेरिकन खलाशी चार्ल्स्टनला सज्ज केलेल्या फ्रेंच लुटारू जहाजावर नोकरीला लागला, पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि न्यायाधीशांनी त्याच्याविरुद्ध कौल सुचवूनही ज्यूरीने त्याला जुलै १७९३ मध्ये निर्दोष सोडले. त्याच महिन्यात सरकारने तहाच्या अर्थाविषयी २९ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना विचारले, तेव्हा सरन्यायाधीश जॉन जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टमध्ये नम्रपणे कळवले की सल्ला देणे हे आमचे काम नव्हे. अमेरिकेची संघीय न्यायालये आजही सल्लागारी मते देत नाहीत त्याचे मूळ या पत्रात सांगितले जाते. आपल्या राज्यघटनेत कलम १४३ अन्वये राष्ट्रपतींना असा सल्ला मागता येतो, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

शेवटी ५ जून १७९४ रोजी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तटस्थतेचा कायदा केला. परक्या राजासाठी अमेरिकन भूमीवर सैन्यभरती करणे, जहाज शस्त्रसज्ज करणे, मोहीम उभारणे हे सर्व गुन्हे ठरले. यामागचे तत्त्व मला फार महत्त्वाचे वाटते: आपल्या नागरिकाने केलेल्या आगळिकीची जबाबदारी तटस्थ राज्यावर येते. ब्रिटनने हेच तत्त्व १८१९ मध्ये आपल्या कायद्यात घेतले. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात ब्रिटिश गोदीत बांधलेल्या ‘अलाबामा’ वगैरे जहाजांनी उत्तरेचा व्यापार बुडवला, तेव्हा १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला दीड कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली.

कृष्णाकाठ

एवढे गुणगान चालले आहे तर दुसरी बाजूही यावी. या तटस्थतेचा प्रत्यक्ष लाभ कोणाला झाला? ब्रिटनला. समुद्र त्याच्या ताब्यात होता, त्यामुळे दोघांना सारखे वागवणे म्हणजे बलवानाच्या बाजूने वागणे. आणि त्या बलवानाने तरी तिची कदर केली का? जून १७९३ मध्ये ब्रिटनने फ्रान्सकडे धान्य नेणारी जहाजे अडवण्याचा हुकूम काढला आणि नोव्हेंबरमध्ये फ्रेंच बेटांशी व्यापार करणारी जहाजे धरण्याचा. शांततेच्या काळात जो व्यापार बंद असतो तो युद्धकाळात तटस्थालाही खुला होऊ शकत नाही, असा १७५६ पासूनचा त्यांचा नियम. काही महिन्यांत सुमारे अडीचशे अमेरिकन जहाजे पकडली गेली. खलाशांना उचलून ब्रिटिश नौदलात जबरदस्तीने घालणे चालू होते ते वेगळेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि जमिनीवर ही मंडळी कोणत्या अर्थाने तटस्थ होती? सॅन डोमिंगो या फ्रेंच वसाहतीत (आजचे हैती) १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला तेव्हा अमेरिकेने फ्रेंच मळेवाल्यांना पैसा आणि शस्त्रे पुरवली. ऑगस्ट १७९४ मध्ये फॉलन टिंबर्स येथे जनरल वेनने मूळ रहिवाशांच्या संघाचा पराभव केला, आणि ज्या ब्रिटिशांनी त्यांना चिथावले होते त्यांनी माघार घेणाऱ्या योद्ध्यांना आपल्या मायामी किल्ल्याचे दरवाजे उघडले नाहीत. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्याकडून काढून घेतला. युरोपच्या भांडणातून मोकळे झालेले हात कुठे वापरले गेले, हे या धाग्यात यायलाच हवे होते.

अभ्यासिका

कृष्णाकाठ, दुसरा मुद्दा निर्विवाद आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी थोडा भांडेन. १७९४ च्या वसंतात काँग्रेसने सहा लढाऊ जहाजे बांधायला मंजुरी दिली (त्याचे मुख्य कारण अल्जियर्सचे चाचे होते) आणि व्यापारी जहाजांच्या धरपकडीमुळे वॉशिंग्टन यांनी जॉन जे यांना लंडनला धाडले. १९ नोव्हेंबर १७९४ चा जे-तह अपमानास्पद होता, हे खरे. खलाशांच्या पळवापळवीबद्दल त्यात अक्षर नव्हते. लोकांनी जे यांचे पुतळे जाळले, न्यूयॉर्कमध्ये हॅमिल्टन यांना दगड बसले, सिनेटमध्ये तो २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे लागतील तेवढ्याच मतांनी, मंजूर झाला. पण १७९६ मध्ये ब्रिटिशांनी डेट्रॉइट वगैरे ठाणी सोडली आणि पकडलेल्या जहाजांची भरपाई ठरवण्यासाठी आयोग बसून तिची रक्कम पुढे एक कोटी डॉलरवर गेली. शिवाय अमेरिका आणि ब्रिटन एक होतात की काय या धास्तीने स्पेनने ऑक्टोबर १७९५ मध्ये मिसिसिपीचा मार्ग खुला केला. अमेरिकेची निर्यात १७९० मध्ये दोन कोटी डॉलर होती ती १८०१ पर्यंत नऊ कोटींच्या वर गेली; त्यातला मोठा वाटा वेस्ट इंडीजची साखर आणि कॉफी अमेरिकेत उतरवून पुन्हा युरोपला पाठवण्याचा होता.

दर्यावर्दी

त्याच तहाच्या तेराव्या कलमाने ब्रिटिशांच्या ताब्यातील हिंदुस्थानी बंदरे अमेरिकन जहाजांना खुली झाली, त्यांत आपली मुंबईही आली. अट एवढीच की इथला माल थेट अमेरिकेतच नेऊन उतरवायचा. कंपनीच्या मक्तेदारीला एवढी भोके पाडून घेणे हेही त्या ‘अपमानास्पद’ तहाचेच फळ.

सातपुडा

हिंदुस्थानचा विषय निघालाच आहे म्हणून एकच गोष्ट. ज्या देशाचे पहिले मोठे धोरण हे होते त्याच देशाचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी जून १९५६ मध्ये तटस्थता ही कालबाह्य आणि अपवाद सोडता अनैतिक कल्पना असल्याचे जाहीर भाषणात सांगितले. १९५१ मध्ये धान्याच्या टंचाईत भारताने मागितलेले गव्हाचे १९ कोटी डॉलरचे कर्ज कोरियाबाबतच्या आपल्या भूमिकेवरून अमेरिकन काँग्रेसमध्ये महिनोन्महिने रखडले होते. तिजोरीच्या जागी कोठार, एवढाच फरक. नव्या देशाच्या दुखऱ्या नसा बहुधा अशाच जागी असतात. मात्र साम्य इथवरच. नेहरूंनी ऑक्टोबर १९४९ मध्ये त्याच काँग्रेससमोर सांगितले होते की स्वातंत्र्यावर घाला येईल किंवा आक्रमण होईल तिथे आम्ही तटस्थ राहणार नाही. वॉशिंग्टन यांनी असे काही बोलण्याचे कटाक्षाने टाळले असते.

कृष्णाकाठ

ठीक आहे, पण मग हे चालले किती दिवस? १८०७ च्या डिसेंबरात जेफरसन यांनीच सगळी निर्यात बंद केली, ती वर्षभरात १० कोटी ८० लाख डॉलरवरून २ कोटी २० लाखांवर आली, ब्रिटन किंवा नेपोलियन यांपैकी कोणीही नमले नाही, आणि १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध झालेच. जे टाळायचे होते ते टळले कुठे?

अभ्यासिका

एकोणीस वर्षे टळले. १८१२ मध्येही अमेरिका फारशी तयार नव्हती, १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन ही नवी राजधानी जाळली. पण तोपर्यंत लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली होती, १८०३ मध्ये लुइझियाना विकत घेतले होते, १७९४ मध्ये मंजूर झालेली जहाजे समुद्रात होती, आणि सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे निवडणुकीने गेलेली होती. १७९३ मध्ये हेच युद्ध झाले असते तर यातले काय उरले असते, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवावे. माझ्या मते वेळ विकत घेतला आणि बरीच किंमत देऊन घेतला.

फिलीकर

एक शंका राहिली. १७७८ चा तो ‘कायमचा’ तह शेवटी संपला केव्हा आणि कसा?

विधिज्ञ

जे-तहामुळे चिडलेल्या फ्रान्सने अमेरिकन जहाजे धरायला सुरुवात केली, १७९८ मध्ये दोन्ही देशांत समुद्रावर अघोषित युद्ध जुंपले, आणि ७ जुलै १७९८ रोजी काँग्रेसने तह रद्द केले. फ्रान्सने ते एकतर्फी रद्द करणे मानले नाही. वाटाघाटीत फ्रान्सचे म्हणणे असे पडले की तह संपला असेल तर भरपाई नाही, आणि भरपाई हवी असेल तर तह कायम. ३० सप्टेंबर १८०० रोजी मोर्तफॉन्तेन येथे झालेल्या करारात दोन्ही प्रश्न पुढे ढकलले गेले, आणि त्याला मंजुरी मिळेपर्यंत दोन्ही बाजूंनी दोन्ही सोडून दिले. म्हणजे अमेरिकन सरकारने तहातून सुटका करून घेतली ती स्वतःच्या जहाजमालकांचे फ्रान्सवरील दावे देऊन. साहजिकच त्या जहाजमालकांनी आपल्याच सरकारकडे भरपाई मागितली. काँग्रेसने हे दावे न्यायालयाकडे तपासणीसाठी पाठवले ते १८८५ मध्ये, आणि त्यांतल्या काहींचे पैसे १८९१ पासून वारसांच्या हाती पडू लागले.